कोपऱ्यावरची शेपटी

१

मुलांनो, जरा वेळ माझ्याबरोबर या. स्वेटर घाला, बाहेर जूनचं ऊन असलं तरी आमच्या चर्चमध्ये बारा महिने गारठा असतो. भिंती तुमच्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढ्या जाड आहेत आणि खिडक्या इतक्या अरुंद की मांजर निघून जाईल, बोका अडकेल. आता डोळे अंधाराला सरावू द्या. मधोमध कमरेएवढा खांब दिसतोय? त्यावर एक चौकोनी कोरीव दगड आहे असं समजा. आठशे वर्षांपूर्वी तो एका उंच खांबाचा माथा होता. ती कमान पडली, खांब गेला, माथा उरला. आमच्या वालदेरोया गावाने त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती ठेवली आणि त्याचं नाव पडलं ‘म्हातारा’. त्याच्या चार बाजूंना चार चित्रं होती: एक सिंह, एक पक्षी, पिंप उचललेला एक माणूस आणि दोरखंडाची एक गाठ.

आता असं समजा, की रविवारी सकाळी तुम्ही प्रार्थनेला आत आलात आणि म्हातारा जागेवर नाही.

खांब बोडका उभा होता. मेणबत्ती जमिनीवर आडवी होती. पडलेली नाही, ठेवलेली. खाली फडकं, वर फडकं, तडा जाऊ नये म्हणून.

“माझ्या माणसांवर ठेवलीय!” प्रिसिलामावशी छातीवर क्रूस काढत म्हणाली. “चोर असला तरी लाज आहे मेल्याला. मेणबत्ती माझ्या माणसांच्या अंगावर ठेवून गेला.”

हे तुम्हाला समजायला हवं, कारण सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे. गावात घरं बारा. चर्चच्या फरशीवर म्हाताऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन घरांच्या जागा. प्रत्येक घराची मेलेली माणसं आपापल्या जागेखाली पुरलेली, आणि त्या घरची बाई त्याच जागेवर गुडघे टेकणार. आपल्या मृतांसाठी ज्योत घ्यायला ती म्हाताऱ्याकडे आपल्याच बाजूने जाणार आणि आपल्याच बाजूने परतणार. दुसऱ्याच्या जागेवर पाय टाकणं म्हणजे त्यांच्या आजोबांच्या छातीवर पाय देणं. मुलगे सात वर्षांचे होईपर्यंत आईजवळ बसायचे, मग मागच्या माळ्यावर पुरुषांत जायचे. तिथून म्हाताऱ्याचं टक्कल तेवढं दिसायचं.

आमच्या देशातली आपसातली लढाई संपून दहा-अकरा वर्षं झाली होती. चोरी कळताच नदीवरच्या पुलावर दोन शिपाई उभे राहिले आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी रिकामी करून पाहू लागले. गावाबाहेर जायला दुसरा रस्ता नव्हता.

मंगळवारी म्हातारा सापडला.

२

सापडला तो मेंढ्यांच्या वाड्यात, गवताखाली. फ्रोइलानला सापडला. फ्रोइलान प्रिसिलामावशीचा मुलगा, गावचा मुख्य, आणि नदीकाठच्या कौलांच्या भट्टीचा मालक. शिपायांना बरोबर घेऊन तो शोधत फिरत होता. वाड्यात राहणारा माणूस होता ओनोरिनो, गावाचा मेंढपाळ. आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी कासिल्दा.

“मी नाही आणला,” ओनोरिनो म्हणाला.

“मग मेंढ्यांनी आणला वाटतं? चारी पायांनी ढकलत?” फ्रोइलानने विचारलं, आणि लोक हसले. त्या हसण्यातच निकाल लागल्यासारखा झाला.

चर्चच्या पडवीत बारा घरांची बारा माणसं जमली आणि एकेकाने तोंडाने म्हटलं, “चोर.” तक्रार करायची की नुसतं हाकलायचं, हे गुरुवारी, सान पेद्रो या संताच्या सणाच्या दिवशी ठरवू म्हणाले, कारण मेंढपाळाचा वर्षाचा करार त्याच दिवशी संपतो. म्हाताऱ्याला पडवीच्या कठड्यावर ठेवलं. शिपायांनी पूल सोडला आणि ते जेवायला गेले.

मेंढपाळाला आमच्याकडे घर नसायचं. तो पाळीने एकेका घरी जेवायचा. ज्यांच्या मेंढ्या जास्त त्यांच्याकडे जास्त दिवस. बायको गेल्यापासून ओनोरिनोबरोबर कासिल्दाही पाळीने जेवायची, आणि रविवारी त्या आठवड्याच्या घराबरोबर चर्चमध्ये बसायची. पण त्या फरशीखाली तिचं कोणी नव्हतं. आई दूरच्या गावी पुरलेली. त्यामुळे कोणाच्याच जागेवर तिला गुडघा टेकता येत नसे. ती दोन घरांच्या मधल्या फटीत उभी राहायची, आणि ज्योत आणायला फटीफटीतूनच जायची.

त्या आठवड्यात पाळी सातुर्निनामावशीची होती. मावशी विधवा, जिभेने तिखट, पण वाढताना हात सैल.

“जा गं, म्हाताऱ्याचं गवत पूस,” तिने मंगळवारी संध्याकाळी फडकं हातात दिलं. “लेंड्या चिकटल्यात अंगाला. उद्या तुझ्या बापाच्या नावाने तेही खपवतील.”

कासिल्दाने सिंह पुसला. मग फडकं कोपऱ्यावरून पुढे सरकवलं, आणि तिचा हात थांबला. तिने पुन्हा हात फिरवला, मग डोळे मिटून फिरवला, मग उघडून.

कोपरा गुळगुळीत होता.

३

“बाबा, तो म्हातारा नाही.”

“जेव.”

“बाबा, सिंहाची शेपटी कोपऱ्यावर संपते. आपल्या म्हाताऱ्याची नाही संपत. ती कोपऱ्यावरून वळते आणि पलीकडे जाते. पलीकडचा पक्षी ती चोचीत धरतो. एवढासा पक्षी, बाबा! सिंहाची शेपटी ओढतो. मी दर रविवारी बघते.”

ओनोरिनोने चमचा खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. फार वर्षं दुसऱ्यांच्या ताटात जेवलेला माणूस होता.

“कासिल्दा, ऐक. गावातल्या बायका जन्मापासून त्या दगडाकडे बघतायत. एकीला तरी वेगळं वाटलं का? बारा घरांपुढे तू शहाणी? आपलं इथे कोणी पुरलेलंसुद्धा नाही.”

“म्हणूनच तर मला दिसलं! फटीतून गेलं की कोपराच समोर येतो.”

“गप्प बसलीस तर हाकलतील फक्त. तोंड उघडलंस तर मला तुरुंगात टाकतील, आणि तुला अनाथाश्रमात.”

ती गप्प बसली. पण गप्प बसणं आणि ऐकणं यात फरक असतो, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

४

बुधवारी सकाळी सातुर्निनामावशी दारात बसून शेंगा सोलत होती. कासिल्दाही बसली.

“मावशी, तुमच्या बाजूच्या सिंहाची शेपटी कुठाय?”

“कापलेली आहे. पहिल्यापासून. माझी आजी सांगायची, आमच्या खापरपणजोबांनी कापली, कोंबड्या पळवायचा म्हणून.”

“दगडाचा सिंह?”

“तू शेंगा सोल. आता सापडला त्यालाही नाहीच ना शेपटी? कोपऱ्याशी संपते. झालं तर!” मग ती थांबली, आणि एक शेंग हातात तशीच राहिली. “एक सांगू? ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत मला हा सिंह आवडेनासा झाला होता. तिरका बघायचा माझ्याकडे. पूर्वी कसा सरळ बघायचा! मी म्हटलं, माझंच काही पाप असेल.”

“तिरका म्हणजे?”

“म्हणजे कोणी मान धरून फिरवावी आणि परत नीट बसवू नये, तसा. हसू नकोस.”

कासिल्दा हसत नव्हती.

“मावशी, तेव्हा चर्चची किल्ली कोणाकडे होती?”

“किल्ली पाळीने फिरते, तुमच्या जेवणासारखी. तेव्हा प्रिसिलाकडे असावी. का गं?” तिने शेंगांचं टोपलं उचललं. “आणि त्या फ्रोइलानचा ट्रक बघ, अजून उभा. सोमवारी कौलं घेऊन समुद्राकडे निघणार होता. शिपाई पुलावर एकेक कौल उतरवतील म्हणून थांबला म्हणे. आता उद्या सभा झाली की जाईल.”

५

प्रिसिलामावशी चीज वळत होती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि ती खुशीत होती.

“गव्हाची लोंबी!” ती म्हणाली. “पन्नास वर्षं सांगतेय मी, आमच्या पक्ष्याच्या चोचीत गव्हाची लोंबी आहे. डावीकडची शेजारीण म्हणते आळी आहे. उजवीकडची म्हणते साप. आता सापडल्यावर बघ जरा नीट, अंगावरचं जुनं मेण निघालंय, तर दाणा नि दाणा दिसतो. माझा फ्रोइलान लहान होता तेव्हा मांडीवर बसून दाणे मोजायचा. दिसत नव्हते तरी मोजायचा.” तिने चीज दाबलं. “तू कशाला आलीस? तुझ्या बापासाठी मी काही बोलणार नाही. माझा मुलगा मुख्य आहे.”

“नाही, मावशी. तुमची किल्लीची पाळी होती ना उपासात? तेव्हा काही वेगळं झालं का, विचारायला आले.”

“झालं तर! फरशीवर लाल माती. ओली, चिकट. माझ्या माणसांच्या जागेवर! दोनदा पुसली. तो शहराकडचा चित्रं काढणारा आहे ना, सेन्योर एवेलियो, त्याच्याच बुटांची. लोकांच्या पूर्वजांवरून नाचतो तो. मी स्वतः पाहिलंय, म्हाताऱ्याभोवती गोल गोल फिरत होता, बैलासारखा! मी झाडू घेऊन धावले.”

“पण मावशी, सेन्योर एवेलियो ईस्टरनंतर आले.”

प्रिसिलामावशीचे हात चीजमध्ये तसेच थांबले.

“मग दुसऱ्या कोणाची असेल,” ती हळूच म्हणाली. “जा आता. मला काम आहे.”

६

सेन्योर एवेलियो खानावळीच्या खोलीत पेटी भरत होता. उंच, किडकिडीत माणूस. पोटाच्या दुखण्यामुळे उकडलेले बटाटेच खायचा आणि त्यामुळे अख्खं गाव त्याच्याकडे संशयाने बघायचं.

“मी जातोय,” तो दार उघडताच म्हणाला. “मेंढपाळ सुटला तर पुढचा नंबर माझा. परका माणूस, वही, मोजपट्टी. मी नाही चोरला तुमचा दगड.”

“मला माहीत आहे. मला तुमची वही दाखवा, म्हणजे सगळ्यांना माहीत होईल.”

त्याने वही उघडली. पहिल्या पानावर सिंह, दुसऱ्यावर पक्षी. तिसऱ्यावर कासिल्दाला हवं होतं ते: कोपरा. शेपटी वळून पलीकडे गेलेली, पक्ष्याने ती चोचीत घट्ट धरलेली, पाय रोवून.

“हेच!” ती ओरडली. “तुम्हाला पण दिसलं!”

“न दिसायला काय झालं? या दगडातली सगळी मजा तिथेच आहे. हे बघ.” पेटी भरायची तो विसरलाच. “त्या काळचा कारागीर दगड जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्याभोवती फिरत फिरत कोरायचा. त्याला समोरची बाजू, बाजूची बाजू असं काही नसायचं. उलट कोपरा त्याचा लाडका. दोन बाजूंची जनावरं तो कोपऱ्यावर गाठ घालून द्यायचा. कुठे दोन सिंहांना एकच डोकं असतं. इथे एका चिमणीने राजाला थांबवलंय.”

“पडवीतल्या दगडावर शेपटी कोपऱ्याशीच संपते. आणि पक्ष्याच्या चोचीत लोंबी आहे, दाण्यांसकट.”

एवेलियो खाटेवर बसला.

“मग तो दगड खोटा आहे,” तो म्हणाला. “आणि खोटा करणारा दगडाभोवती कधी फिरला नाही. चार बाजू त्याने चार वेगवेगळ्या घेतल्या, सपाट, एकेक करून, आणि मग एकत्र जोडल्या. कडेशी काय होतं ते त्याला कळलंच नाही. जिथे कळलं नाही, तिथे त्याने आपल्या मनातलं घातलं.”

“सपाट कशा घेतल्या?”

“ओल्या मातीची लादी दाबून. लादी काढली की साचा तयार. पण असा माणूस हवा की ज्याला मातीच्या सपाट लाद्या थापायची सवय आहे.”

कासिल्दा खिडकीशी गेली. समोर नदीकाठी फ्रोइलानची भट्टी धुमसत होती. अंगणात ओल्या मातीच्या सपाट लाद्या कौलासाठी ओळीने मांडलेल्या होत्या. लाल मातीच्या.

७

गुरुवारी दुपारी पडवी भरली. पडवीला दगडी बाक आहे, बारा माणसांचा, घरामागे एक. त्यावर घरवाल्यांनीच बसायचं. सातुर्निनामावशी विधवा म्हणून आपल्या घरातर्फे बसली होती. बाकीच्या बायका मागे उभ्या, प्रिसिलामावशी त्यांच्यात. ओनोरिनो उन्हात, टोपी हातात धरून. आम्ही इतर सगळे पायऱ्यांवर. शिपायांपैकी एक खांबाला टेकून नखं साफ करत होता.

फ्रोइलान मधे बसला होता. “दोनच प्रश्न,” तो म्हणाला. “तक्रार द्यायची, की आजच्या आज गाव सोडायला सांगायचं? मी म्हणतो, सोडून जाऊ दे. पोर आहे पदरात.”

“फार दयाळू,” म्हातारे तेलेस्फोरोकाका म्हणाले. ते बाकावर सगळ्यात वडील.

“मला बोलायचंय,” कासिल्दा म्हणाली.

“कासिल्दा!” ओनोरिनोचा आवाज फाटला.

“पाहुण्यांना सभेत तोंड नसतं, बाळ,” तेलेस्फोरोकाका म्हणाले.

सातुर्निनामावशीने घसा साफ केला. “या आठवड्यात ती माझ्या घरी जेवते. माझ्या घराला तोंड आहे ना? ते मी तिला दिलं. मला स्वतःला आज काही बोलायचं नाही, आणि हे तुमच्यापैकी कोणी पूर्वी ऐकलं असेल तर सांगा.”

लोक हसले. पण यावेळचं हसणं वेगळं होतं, आणि कासिल्दा त्यातून पुढे आली.

“चोराने मेणबत्ती कुठे ठेवली होती?” तिने विचारलं. “प्रिसिलामावशींच्या माणसांवर. माझ्या बाबांचं त्या फरशीखाली कोणी नाही. त्यांनी ठेवली असती तर फटीत ठेवली असती, मी जिथे उभी राहते तिथे. परक्याने कुठेही टाकली असती. पण हा चोर म्हातारा चोरायला आला, तरी दुसऱ्यांच्या आजोबांवर त्याला पाय टाकवला नाही. तो आपल्याच घराच्या जागेवरून गेला आणि मेणबत्ती आपल्याच माणसांच्या हवाली केली.”

बायकांनी माना वळवून प्रिसिलामावशीकडे पाहिलं, पण कासिल्दा थांबली नाही.

“उपासात त्याने मातीच्या लाद्या दाबून साचे घेतले. तेव्हाही तो भोवती फिरला नाही. त्याने म्हाताऱ्यालाच फिरवलं, एकेक बाजू आपल्यापुढे आणली. परत बसवताना थोडा तिरका बसवला. सातुर्निनामावशींचा सिंह तेव्हापासून तिरका बघायला लागला. फरशीवर लाल माती सांडली. किल्ली कोणाच्या घरी होती ते तुम्हीच आठवा. पक्ष्याच्या चोचीत गव्हाची लोंबी आहे, असं बारा घरांत एकच घर म्हणतं. आणि या दगडावर लोंबी आहे, दाण्यांसकट. खऱ्या म्हाताऱ्यावर ती लोंबी नाही. ती सिंहाची शेपटी आहे. सेन्योर एवेलियोंच्या वहीत बघा.”

वही हातोहात फिरली. फ्रोइलान उठला. त्याने आवाज चढवला नाही; तो तेवढा हुशार होता.

“म्हणजे मी. सरळ सांग ना. एका परक्या चित्रकाराचं चित्र आणि एका पोरीची गोष्ट. अन् दगड हा इथे तुमच्यासमोर. सातुर्निनामावशी, सिंह तुमचा आहे की नाही?”

“आहे तसाच दिसतो,” मावशी नाइलाजाने म्हणाली.

“आई, पक्षी आपला आहे की नाही?”

प्रिसिलामावशी त्याच्या बुटांकडे बघत होती.

“आहे. सगळ्यांनी आपापली बाजू ओळखली. झालं. कोणाला संशय असेल तर त्याने दगड फोडून बघावा. आहे कोणाची हिंमत? आठशे वर्षांचा दगड!”

तो खरोखर हुशार होता. त्याला माहीत होतं की कोणी हात लावणार नाही. खोटा असण्याची शंभरात नव्व्याण्णव खात्री असली तरी त्या एकासाठी कोणी हात उचलला नसता. मीही नसता.

कासिल्दा कठड्यावर चढली. पाठ खांबाला लावली, दोन्ही टाचा दगडावर टेकल्या.

“पोरी, नको!” कोण ओरडलं कोणास ठाऊक. बहुधा आम्ही सगळेच.

तिने डोळे मिटले नाहीत. एकदा बापाकडे पाहिलं आणि पाय ताणले. दगड सरकला, कडेवर क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि खालच्या फरशीवर कोसळला.

८

आवाज विरला तेव्हा फरशीवर राखाडी सिमेंटची ढेकळं पडली होती. आणि त्या ढेकळांच्या पोटात, सिमेंट वाचवायला म्हणून भरलेले, फुटक्या कौलांचे लाल लाल तुकडे.

शिपायाने नखं साफ करणं थांबवलं.

प्रिसिलामावशी बायकांतून पुढे आली. वाकून एक तुकडा उचलला. ओल्या कौलावर प्रत्येक भट्टीवाला बोटांनी आपली खूण ओढतो. त्या तुकड्यावर दोन बोटांचे ओरखडे होते, एक लांब, एक आखूड. तिच्या नवऱ्याचं एक बोट लढाईआधीच करवतीत तुटलं होतं. तेव्हापासून त्या भट्टीची खूण तीच. मुलानेही तीच चालू ठेवली होती.

“आमचं आहे,” ती म्हणाली. दुसऱ्या कोणाला तिने ते बोलू दिलं नाही. “ट्रक उघडा.”

ट्रकमध्ये कौलांच्या चौथ्या रांगेखाली, गवतात गुंडाळलेला म्हातारा मिळाला. दोन माणसांनी त्याला उचलून आणलं. सगळे कोपऱ्याकडे धावले. बारा घरांच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा तो कोपरा पाहिला. सातुर्निनामावशी सिंहाच्या बाजूने शेपटीवर बोट ठेवून निघाली आणि पक्ष्याच्या चोचीपर्यंत पोचली. “अगं बाई,” एवढंच म्हणाली.

“कोणासाठी?” तेलेस्फोरोकाकांनी फ्रोइलानला विचारलं.

“समुद्राकाठी एकाचा बंगला आहे. बागेत ठेवणार होता, गुलाबांच्या मधे. खोटा शनिवारी रात्रीच खांबावर बसवणार होतो, पण उजाडलं; मग पूल मोकळा व्हायला तो कुठेतरी सापडायलाच हवा होता. निदान त्या बागेत लोक खऱ्याभोवती फिरून तरी पाहतील.” फ्रोइलानने सगळ्यांवर नजर फिरवली; अजूनही ती खाली नव्हती. “तुम्ही काय केलंत त्याचं? मेणबत्तीची घोडी! तुमच्यापैकी एकाने तरी तो कधी नीट पाहिला होता का?”

बोलणं खरं होतं.

“मी पाहिला होता,” कासिल्दा म्हणाली.

शिपायाने फ्रोइलानच्या खांद्यावर हात ठेवला. ते पायऱ्या उतरून गेले तेव्हा प्रिसिलामावशी त्यांच्या मागे गेली, हातात तो तुकडा तसाच.

बाकावरचे लोक एकमेकांची नजर चुकवू लागले. तेलेस्फोरोकाकांनी काठी आपटली.

“चला. म्हातारा मिळाला. देवाची कृपा. झालं गेलं विसरून जाऊ, सणाचा दिवस आहे. ओनोरिनो, तुझा करार पुढच्या वर्षीही चालू. उद्यापासून मेंढ्या ने. कोणाचं काही म्हणणं नाही ना?”

कोणाचंच नव्हतं. लोक सुटल्यासारखे उठू लागले. ओनोरिनोनेही मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं आणि टोपी डोक्यावर चढवायला तो हात वर नेत होता. “उपकार झाले तुमचे,” तो म्हणाला.

“उपकार?” कासिल्दा म्हणाली.

“कासिल्दा, पुरे. झालं ना सगळं.”

“नाही झालं. मंगळवारी इथेच बसून बारा घरांनी तुम्हाला चोर म्हटलं. एकदम नाही, एकेक करून. मी मोजत होते.”

“अगं, पण आता सगळ्यांना कळलं ना,” तेलेस्फोरोकाका जरा चिडून म्हणाले. “आणखी काय हवं तुला? तोंडातून गेलेला शब्द काय परत गिळायचा?”

“हो.”

“आणि नाही गिळला तर?”

बाकावर मधे एक जागा रिकामी होती, फ्रोइलानची. त्या बाकावर घर नसलेलं माणूस कधी बसलं नव्हतं; मेंढपाळ तर नाहीच, पोरही नाही. कासिल्दा लोकांमधून वाट काढत गेली. ती त्या जागेवर बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून मांडी घातली, आणि बापाकडे बोट करून म्हणाली,

“टोपी अजून घालू नका, बाबा. तेलेस्फोरोकाका, तुमच्यापासून सुरू करा.”

आणि ती वाट बघत बसली.